दोघांचे एक कसे होते? : राजगडाच्या तटावरचा एक विसरलेला इतिहास

१/
संजीवनी माचीवर उन्हे कलू लागली की राजगडाचा तट एकदा जवळून पाहा. काळ्या कातळावर राखाडी, पांढुरके, कुठे पिवळसर हिरवे असे गोलसर ठिपके दिसतील. आपण त्यांना डाग समजतो आणि पुढे चालू लागतो. आजचा धागा या डागांविषयी आहे. ते डाग नसून जिवंत वस्त्या आहेत. त्या वस्त्यांचे रहस्य उलगडताना युरोपातील विद्वान तीस वर्षे भांडले, आणि त्या भांडणातून ‘एक जीव’ या शब्दाचा अर्थच बदलून गेला.

२/
या वस्तूला शास्त्रीय मराठीत ‘शैवाक’ म्हणतात. नाव अनोळखी वाटेल, पण वस्तू घरातलीच आहे. गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते, ते शैवाकच. आयुर्वेदाचे ग्रंथ त्याला ‘शैलेय’ म्हणतात, म्हणजे शिळेवर उपजलेले. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांत, तोरण्याच्या कड्यांपासून रायरेश्वराच्या पठारापर्यंत, पाऊस आणि धुके भरपूर. त्यामुळे कातळ आणि झाडांच्या साली, दोन्हींवर शैवाकांची नाना रूपे आढळतात.

३/
वाचता वाचता एक काम करा. मसाल्याच्या डब्यातील दगडफुलाची एक पाकळी उचला. वरची बाजू राखी, खालची काळी. कडेला बहुधा पिठासारखी भुकटी दिसेल. ती लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. आता पाकळी फाडून ती कड भिंगाखाली धरा. वर एक घट्ट साल, तिच्याखाली हिरवट कणांचा बारीक थर, आणि त्याखाली पांढऱ्या तंतूंचे विरळ विणकाम. ही पाकळी कोणत्याही वनस्पतीची नाही. पांढरे तंतू बुरशीचे आहेत, हिरवे कण शैवालाचे. दोन अगदी वेगळ्या कुळांतील जीव मिळून हे ‘फूल’ झाले आहे.

४/
हे आज सांगणे सोपे आहे. १८६७ पूर्वी मात्र शैवाक ही एक स्वतंत्र, अखंड वनस्पती मानली जाई. लिनियसच्या काळापासून प्रत्येक जीवाला एक नाव, एक जात आणि वंशावळीत एक जागा देण्याची पद्धत रूढ झाली होती. ज्याला एक शरीर, तो एक जीव, हे इतके उघड वाटे की त्याची शंका घ्यावी असे कुणाला सुचतही नसे. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे कण दिसत होते. पण ते शैवाकाचाच एक अवयव आहेत, असे मानून सगळे निश्चिंत होते.

५/
१८६७ च्या सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील राइनफेल्डेन या गावी स्विस निसर्गअभ्यासकांची सभा भरली. तेथे सायमन श्वेंडेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने सांगितले की शैवाक हा एक जीव नाहीच. ती बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे. दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याने हे सविस्तर लिहिले. त्याने योजलेली उपमा विलक्षण होती. बुरशी ही मालक आणि शैवाल हे तिचे गुलाम. कोळ्याने भक्ष्याभोवती जाळे विणावे तशी बुरशी शैवालाला वेढते आणि कामाला लावते.

६/
गदारोळ झाला. ज्यांनी आयुष्यभर शैवाकांच्या जाती लावल्या, त्यांना हा आपल्या विद्येवरचाच घाला वाटला. पॅरिसमध्ये राहणारा फिनलंडचा विल्यम नायलँडर हा त्या काळचा शैवाकांचा सर्वांत मोठा जाणकार. त्याने हा सिद्धान्त १८९९ मध्ये मरेपर्यंत मान्य केला नाही. स्कॉटलंडचे पाद्री आणि शैवाकतज्ज्ञ जेम्स क्रॉम्बी यांनी तर याची कादंबरी म्हणून थट्टा केली. बंदिवान शैवालकन्या आणि जुलमी बुरशीराजा यांचा हा अनैसर्गिक विवाह कोण मानणार, असा त्यांचा सूर होता.

७/
पुरावा प्रयोगशाळेतून आला. १८७१ मध्ये माक्स रीस याने एका शैवाकातील बुरशीचे बीजाणू घेतले आणि ते स्वतंत्र वाढणाऱ्या नॉस्टॉक या नील-हरित शैवालावर पेरले. बुरशीचे तंतू त्यात शिरले आणि शैवाकाची घडण सुरू झाली. वेगळे असलेले दोघे डोळ्यांदेखत जुळू लागले. पुढे इतरांनीही असे प्रयोग केले, आणि एकेक विरोधक मावळत गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट टिपावी. वाद अधिकाराने मिटला नाही. कुणालाही पुन्हा करून पाहता येईल अशा कृतीने मिटला.

८/
आता या नात्याला नाव हवे होते. १८७७ मध्ये अल्बर्ट फ्रांक याने आणि १८७८-७९ मध्ये अँटन द बारी याने जो शब्द पुढे आणला, त्याचे मराठी रूप ‘सहजीवन’. द बारीची व्याख्या जाणूनबुजून कोरडी होती : भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहणे, एवढेच. त्यात प्रेम, मैत्री, परोपकार यांचा उल्लेख नव्हता. परजीवीपणाही त्याने याच शब्दात बसवला. आज आपण ‘सहजीवन’ म्हटले की गोडवा गृहीत धरतो. तो गोडवा नंतर चिकटलेला आहे.

९/
मग या एकत्र राहण्यातून घडते काय? शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा भाग बुरशीला मिळतो. बुरशी घर बांधते, ओल धरते, प्रखर उन्हापासून आडोसा देते आणि कातळाला घट्ट पकडते. इतके तर सरळ देणेघेणे झाले. नवल पुढे आहे. या बुरशीला प्रयोगशाळेत एकटी वाढवली तर ती बहुधा आकार नसलेला गोळा होऊन राहते. पाकळ्या, साल, थर हे सारे शैवाल भेटल्यावरच नीट उमटते. म्हणजे शैवाकाचे रूप या दोघांपैकी एकाही घरचे नव्हते. ते भेटीतून आले.

१०/
रूपासारखेच रसायनांचे. शैवाकांत शेकडो विशिष्ट पदार्थ सापडतात आणि त्यांतील बहुतेक निसर्गात अन्यत्र क्वचितच आढळतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील लिटमसचा रंग मुळात शैवाकांपासूनच काढला गेला. तेलात परतल्यावर दगडफुलाचा जो दरवळ उठतो, तोही या भागीदारीचाच. तेव्हा दोन साध्या जीवांतून अधिक गुंतागुंतीचे काही तयार होते, असे म्हणताना ते केवळ बेरजेने मोठे होत नाही. दोघांपैकी कुणालाही एकट्याने न जमणाऱ्या गोष्टी त्याला जमू लागतात.

११/
ही ताकद पाहायची असेल तर एप्रिलमध्ये तोरण्यावर जा. भर दुपारी कातळाला हात लावता येत नाही, आणि त्यावर शैवाक कुरकुरीत वाळून पडलेले असते. त्या अवस्थेत त्याचे जगणे जवळजवळ थांबलेले असते. मग एखाद्या पहाटे दरीतून धुके वर येते. शैवाक ते स्पंजासारखे टिपते, त्याची साल पारदर्शक होत जाते, खालचा हिरवा थर उजळतो आणि काही मिनिटांत अन्ननिर्मिती सुरू होते. ऊन वाढले की पुन्हा झोप. उघड्या कातळावर, मातीवाचून, मुळांवाचून असे जगणे त्या शैवालाला किंवा त्या बुरशीला एकटीने साधले नसते.

१२/
आता डब्यातील त्या पिठूळ कडेकडे वळू. शेजारी राहणे वेगळे आणि एक होणे वेगळे. फरक कोठे पडतो? बुरशी जेव्हा नुसते आपले बीजाणू उडवते, तेव्हा नव्या जागी तिला नवे शैवाल शोधावे लागते. सापडले नाही तर सारे संपले. पण अनेक शैवाकांनी दुसरी वाट काढली. त्या भुकटीच्या एकेका कणात थोडे तंतू आणि थोडे शैवाल एकत्र गुंडाळलेले असते. वाऱ्याने कण उडाला की दोघे एकत्र निघतात आणि एकत्र रुजतात. दोघांचे भवितव्य एका गाठोड्यात बांधले गेले, की त्यांचे हितही एक होऊ लागते. माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली येथे आहे.

१३/
ही किल्ली दुसऱ्या कुलपाला लावून पाहू. भोर-वेल्ह्याच्या माळावर पावसाळ्यात वारुळांवर अळंबी उगवतात. वारूळ बांधते वाळवी, आणि ती अळंबी म्हणजे वाळवीच्या शेतातील पीक. वाळवी वाळके लाकूड, पालापाचोळा खाऊन त्याच्या अर्धवट पचलेल्या चोथ्याचे मऊ जाळीदार गठ्ठे रचते. त्यांवर बुरशी वाढते, लाकडातील कठीण भाग फोडते, आणि मग वाळवी ते खाते. या बागांची नोंद भारतातच फार पूर्वी झाली होती. तंजावर प्रांतात काम करणाऱ्या योहान गेरहार्ड कोनिग या निसर्गशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये वारुळातील बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले.

१४/
वाळवी आणि बुरशी यांची ही सोबत सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. या कुळातील वाळवीला बुरशीवाचून जगता येत नाही, आणि त्या बुरशीलाही वारुळाबाहेर थारा नाही. तरीही ते दोघे एक जीव झालेले नाहीत. कारण बहुतेक जातींत नवी राणी उडून जाताना बुरशी बरोबर नेत नाही; नव्या वारुळातील कामकरी वाळवी बाहेरून बीजाणू गोळा करून आणते. दर पिढीला नवा करार होतो. परस्परांवाचून अडते, पण वारसा वेगळा. शैवाकाच्या पिठूळ कणात वारसा एकत्र आहे. याहून पुढची पायरी असेल का?

१५/
आहे, आणि ती आपल्या अंगात आहे. १८८३ मध्ये आंद्रेआस शिंपर याने पाहिले की वनस्पतीच्या पेशीतील हरितलवके स्वतः विभागून वाढतात, नव्याने तयार होत नाहीत. ती कधीकाळी स्वतंत्र जीव असावीत, अशी शंका त्याने नोंदवली. १९०५ मध्ये रशियाच्या कॉन्स्टँटिन मेरेश्कोव्स्की याने ती शंका सिद्धान्त म्हणून मांडली : वनस्पतीच्या पेशीत नील-हरित शैवाल शिरले आणि तेथेच राहिले. हा मनुष्य शैवाकांचा अभ्यासक होता, हे ध्यानात घ्या. दगडावर पाहिलेली जोडी त्याला पेशीच्या आत दिसू लागली. जीवांच्या मीलनातून नवा जीव घडण्याला त्याने १९१० मध्ये ‘सिम्बायोजेनेसिस’ हे नाव दिले.

१६/
१९२७ मध्ये अमेरिकेच्या आयव्हन वॉलिन याने पेशीतील तंतुकणिकांबद्दल तेच म्हटले. त्या मूळच्या जिवाणू आहेत. पण हातात पुरेसा पुरावा नव्हता, आणि उत्क्रांती म्हणजे केवळ सावकाश साठत जाणारे बारीक बदल, हे मत दिवसेंदिवस पक्के होत होते. परिणामी मेरेश्कोव्स्की आणि वॉलिन दोघेही विस्मरणात गेले. चाळीस वर्षे ही कल्पना विद्वानांच्या बैठकीत विनोदापुरती उरली. विचारांच्या इतिहासात असे वारंवार घडते. बरोबर असणे पुरत नाही. ते दाखवून देणारे साधन हाती यावे लागते.

१७/
ते साधन १९६० च्या दशकात आले. हरितलवकांत आणि तंतुकणिकांत त्यांचे स्वतःचे डीएनए सापडले. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस या २९ वर्षांच्या संशोधिकेने (तेव्हा त्या सेगन हे आडनाव लावत) सगळे धागे जुळवून एक लेख प्रसिद्ध केला. त्याआधी सुमारे १५ नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. १९७० च्या दशकात रेणूंची अक्षरे वाचून तुलना करता येऊ लागली आणि निकाल लागला : हरितलवके नील-हरित शैवालांची नातलग, तंतुकणिका जिवाणूंच्या नातलग. पेशीच्या शेपटीसारख्या अवयवाबद्दलही मार्ग्युलिस असाच दावा करीत. त्याला मात्र आधार मिळाला नाही. एकाच व्यक्तीचे एक मत इतिहास घडवते आणि दुसरे गळून पडते, हेही नोंदवले पाहिजे.

१८/
या तिसऱ्या पायरीवर वारसा कसा एकवटला, ते पाहण्यासारखे आहे. सुमारे दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एका पेशीत जिवाणू शिरला आणि पचला नाही. पेशी विभागली तेव्हा तोही विभागून दोन्हीकडे गेला. हळूहळू त्याची बहुतेक जनुके यजमान पेशीच्या केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली. जणू गावोगावचे दप्तर उचलून मुख्य कचेरीत जमा झाले. १९८१ मध्ये मानवी तंतुकणिकेचा डीएनए पूर्ण वाचला गेला. त्यात अवघी ३७ जनुके उरली आहेत. आता तो जिवाणू परत स्वतंत्र होऊ शकत नाही, आणि आपणही त्याच्यावाचून जगू शकत नाही.

१९/
गुंजवण्याहून चोर दरवाजाची चढण चढताना पोटऱ्या भरून येतात. त्या पोटऱ्यांना बळ पुरवणाऱ्या तंतुकणिका याच जुन्या जिवाणूच्या वंशज आहेत. त्या तुम्हांला आईकडून मिळाल्या, तिला तिच्या आईकडून. म्हणजे तटावर शैवाक आहे आणि तटाकडे पाहणारे आपणही एका प्राचीन मीलनाचेच फळ आहोत. डार्विनने जीवसृष्टीची वंशावळ झाडासारखी काढली. फांद्या फुटत जातात आणि दूर होतात. आपल्याकडच्या माणसाला त्या झाडाच्या जागी वड सुचला असता. वडाच्या पारंब्या खाली येतात, रुजतात, एकमेकींत मिसळून खोड होतात. फुटणे आणि जुळणे, दोन्ही एकाच झाडात.

२०/
आता या इतिहासातील सर्वांत शिकवण देणारा भाग. श्वेंडेनरला शैवाकात मालक आणि गुलाम दिसले. मेरेश्कोव्स्कीनेही हरितलवकांना कष्टाळू हिरवे गुलाम म्हटले. १९०२ मध्ये प्योत्र क्रोपोटकिनने परस्पर साहाय्यावर ग्रंथ लिहिला. त्या वाटेने जाणाऱ्यांना निसर्गात सहकार दिसू लागला. बुरशी तीच, शैवाल तेच. बदलले ते पाहणाऱ्याचे राजकारण. प्रत्येक पिढीने आपला समाज त्या पाकळीत पाहिला आणि मग निसर्गच असे सांगतो म्हणून तो परत समाजावर लादला. या फेऱ्यापासून सावध राहावे.

२१/
मोह आपल्यालाही होईल. याच खोऱ्यांचा इतिहास घ्या. रोहिड खोऱ्याचे देशमुख कारीचे जेधे, आणि शेजारच्या हिरडस मावळाचे देशमुख बांदल. या शेजाऱ्यांत जुने वैर होते. पुढे दोन्ही घराणी स्वराज्यात आली. १६६० मध्ये घोडखिंड लढवणारी फौज बांदलांची होती आणि तिच्या आघाडीवर त्यांचे देशपांडे बाजीप्रभू होते. वेगळी खोरी, वेगळी वतने, जुनी भांडणे आणि मग एकत्र भवितव्य. साम्य मनाला भुरळ घालते. पण माणसे निर्णय घेतात, शपथा घेतात, त्या मोडतात. बुरशी यांतले काही करीत नाही. स्वराज्य कसे जुळले हे शैवाकावरून सिद्ध होत नाही, आणि शैवाक कसे जुळले हे कागदपत्रांवरून कळत नाही. साम्याने प्रश्न सुचावा. उत्तर ज्याच्या त्याच्या पुराव्यातूनच काढावे.

२२/
आणि उत्तर हाती आले असे वाटले तरी थांबू नये. १८६७ पासून सगळी पुस्तके ‘दोन जीव’ असे शिकवत होती. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अनेक शैवाकांच्या सालीत आणखी एका बुरशीच्या पेशी असतात, आणि त्या दीडशे वर्षे कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. तो तिसरा घटक प्रत्येक शैवाकात असतोच असे नाही. त्याचे नेमके काम काय, यावर चर्चा चालू आहे. शिवाय शैवाकांत जिवाणूंचीही दाट वस्ती असते. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. मोजणी अजून संपलेली नाही.

२३/
पुण्याचे या कथेत स्थान आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा आदी संशोधकांनी सह्याद्रीतील शैवाकांचे नमुने गोळा केले, जाती ओळखल्या, संग्रह उभा केला. अशा संग्रहाचे मोल काय? उत्तर त्या हट्टी नायलँडरकडे आहे. १८६६ मध्ये त्यानेच दाखवले की पॅरिसच्या दूषित हवेत शैवाके नाहीशी होतात. मुळे नसल्यामुळे शैवाक जे घेते ते हवेतून आणि पावसातून. विषही तसेच शिरते. जोडीतील एक दुबळा झाला की दोघांचे घर कोसळते. स्वारगेटहून वेल्ह्याकडे निघालात तर रस्त्याकडेच्या झाडांच्या साली पाहत जा.

२४/
आता मुख्य मुद्दा, कारण तो तुमच्या हातात आहे. जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. गडसंवर्धनासाठी शेकडो तरुण दर रविवारी घाम गाळतात; त्यांच्याविषयी आदरच आहे. परंतु तट ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात तारेचा ब्रश कातळावर फिरतो, तेव्हा दोन नुकसाने होतात. दगडाची मूळ घडण, छिन्नीच्या खुणा, त्याची झीज झालेली साल खरवडली जाते. आणि वर्षाला काही मिलिमीटर, कातळाला चिकटून राहणाऱ्या जातींत तर त्याहूनही कमी वाढणारी वस्ती मिनिटभरात जाते.

२५/
शैवाक तटाला निरुपद्रवी आहे, असे मी म्हणत नाही. त्याचे तंतू दगडाच्या फटींत शिरतात, त्याची आम्ले खनिजे विरघळवतात. तर काही ठिकाणी तोच थर पावसाचा मारा झेलून दगड राखतो, असेही अभ्यासांत दिसले आहे. कोणत्या भिंतीवर काय करावे, हे दगड, जात आणि जागा पाहून ठरते. राजगड राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. तो निर्णय त्या विभागातील जाणकारांचा. प्लास्टिक उचला, पायवाटा राखा, टाक्यांतील गाळ परवानगीने काढा. तटावर ब्रश मात्र चालवू नका, आणि मसाल्यासाठी जंगलातील दगडफूल ओरबाडू नका.

२६/
सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, साडेतीनशे वर्षांपूर्वीची पाथरवटांची छिन्नी, आणि त्यावर आज वाढणारी ही जोडी : तटाच्या एका चिऱ्यावर तीन काळ एकत्र नांदतात. पुढच्या वेळी संजीवनी माचीवर गेलात की एक भिंग खिशात ठेवा. पाच मिनिटे एकाच ठिपक्यापाशी बसा. शक्य असेल तर त्याच चिऱ्याचे दर वर्षी एकाच जागेवरून छायाचित्र घ्या, शेजारी पट्टी धरून, तारीख लिहून. दहा वर्षांनी तुमच्या हाती जी वही असेल, ती या भागाच्या इतिहासाचे एक अस्सल साधन ठरेल.

धागा संपला. तुमच्या गावच्या कातळावर, देवराईत किंवा परसातल्या आंब्यावर शैवाक दिसले तर छायाचित्र आणि ठिकाण खाली जरूर नोंदवा.